तिसऱ्या, बांगडे आणि तक्त्यातले आकडे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी कट्टर शाकाहारी होते, असं संयोजकांनी मला फोनवर सांगितलं. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, तरी लगेच म्हणाले, "पण बाई, विषय बदलू नका. त्यांना वाद आवडायचा." तेव्हा गुरुजींना नमस्कार करून मी मासळीकडे वळते.

आपल्या पिंपळे गुरवपासून समुद्र घाटाखाली आहे. इथं आहे ती पवना, आणि तिच्याबद्दल मी शेवटाकडे बोलणार आहे. पण पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढं टेल्को आली, बजाज आली, आणि त्या कारखान्यांच्या भोंग्यांबरोबर रत्नागिरी-सिंधुदुर्गातली माणसं आली. त्यांच्यामागून मासळी आली. आज इथल्या बाजारात कोकणातल्या खाडीच्या तिसऱ्या, आंध्रातल्या तळ्यांतली कोलंबी आणि उजनीची चिलापी एकाच ओट्यावर शेजारीशेजारी मांडलेली दिसतात. मी मूळची रत्नागिरीकडची, आयुष्यभर मत्स्यशास्त्र शिकवलं, त्यामुळं ओट्यापाशी उभी राहिले की ओळखीचं कुणीतरी विचारतंच: "मॅडम, ताकद कशात जास्त? तिसऱ्या-कोलंबीत की बांगड्या-सुरमईत?"

प्रश्न साधा आहे, पण एका वाक्यात उत्तर दिलं तर ते खोटं ठरतं. पहिली अडचण अशी की ज्यांना आपण कवचाची मासळी म्हणतो त्यांत दोन अगदी वेगळी कुळं आहेत. कोलंबी, करंदी, जवळा, खेकडे, शेवंड हे एक. यांना पाय आहेत, हे फिरून खातात. तिसऱ्या, खुबे, कालवं, शिनाणे हे दुसरं. यांना पाठलाग जमत नाही. ते बसल्या जागी पाणी आत ओढतात, त्यातलं बारीक शेवाळ, जिवाणू, कुजलेला चुरा गाळून घेतात आणि पाणी सोडून देतात. अंगठ्याएवढा शिनाणाही तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज गाळतो. ही गाळण्याची गोष्ट लक्षात ठेवा. आजच्या व्याख्यानाचा अर्धा भार तिच्यावर आहे.

आधी प्रथिनं उरकून घेऊ, कारण सगळ्यांना तीच हवी असतात आणि त्यात फार रहस्य नाही. शंभर ग्रॅम कच्चं, साफ केलेलं मांस घेतलं तर बांगडा, सुरमई, पापलेट, रोहू, कोलंबी, शेवंड ही सगळी मंडळी साधारण १७ ते २१ ग्रॅमच्या पट्ट्यात बसतात. तिसऱ्या, कालवं, शिनाणे त्याच्या खाली, जातीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे ८ ते १५. ओला बोंबीलही खालीच, कारण त्याच्या अंगात पाणीच नव्वद टक्क्यांच्या आसपास. दर्जा मात्र सगळ्यांचा उत्तम. शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं या साऱ्यांत आहेत, त्यामुळं "पापलेटचं प्रोटीन भारी असतं" असं कुणी म्हणालं तर ते भावाबद्दल बोलतंय असं समजा. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, त्याचं मला कौतुक आहे, पण पोषणाच्या परीक्षेत त्याचा पहिला नंबर येत नाही.

आता तक्त्यातून बाजारात या. तक्ता शंभर ग्रॅम मांसाचा असतो, आणि बाजारात आपण शंख-शिंपल्यांसकट पैसे मोजतो. मी मुद्दाम किलोभर तिसऱ्या आणल्या. कोमट पाण्यात ठेवून विळीवर उघडल्या, खाली वाडगा धरला. आमच्याकडे तिसरीचं अंगचं पाणी कुणी फेकत नाही, ते गाळून कालवणात जातं. शिंपा एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला. मांस वजनकाट्यावर ठेवलं तर पावणेदोनशे ग्रॅम भरलं. म्हणजे प्रथिनं फार तर वीस-बावीस ग्रॅम. तेच किलोभर बांगडे डोकं, कल्ले, पोट काढून सहाशे ग्रॅमच्या आसपास उरतात, त्यांत शंभर ग्रॅमच्या वर प्रथिनं. डोक्यासकट घेतलेली कोलंबी सोलून निम्मी राहते. खेकड्याचं तर विचारू नका, नांगे फोडून फोडून दात दुखतात तेव्हा कुठं पाव किलो हाताला लागतं. प्रथिनांसाठी तिसऱ्या विकत घेणं म्हणजे विटांच्या भावात प्लॉट घेतल्यासारखं वाटेल कुणाला, पण हिशेब उलटा आहे: आपण प्लॉटच्या भावात विटा घेतो.

मग तिसऱ्यांची एवढी कीर्ती कशी? अंगावर पाजणाऱ्या बाईला, आजारातून उठलेल्या माणसाला शिंपल्यांचं पाणी द्यायची चाल किनाऱ्यावर आहेच. तिला आधुनिक आधार मिळाला तो अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातून. जगभरचे आहारतज्ज्ञ हा तक्ता वापरतात. त्यात वर्षानुवर्षं छापलेलं होतं की शंभर ग्रॅम कच्च्या शिंपल्याच्या मांसात जवळपास १४ मिलिग्रॅम लोह असतं. पालकाच्या कितीतरी पट. पंडुरोगावरच्या किती लेखांत, किती भाषणांत हा आकडा फिरला असेल! पुढं नव्याने मोजणी झाली आणि सुधारलेल्या तक्त्यात तो आकडा दोन मिलिग्रॅमच्या आत आला.

हे कसं होतं, ते सांगते. शिंपला गाळून खातो, हे मघाशी म्हणाले. त्याच्या पोटात, कल्ल्यांत गाळ असतो, आणि गाळात लोह असतं. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातून आणि कोकणच्या तांबड्या मातीतून येणाऱ्या गाळात तर भरपूर. नमुना नीट धुतला नाही, पोट रिकामं होऊ दिलं नाही, तर प्रयोगशाळेचं यंत्र शिंपल्याच्या मांसाबरोबर खाडीचा चिखलही मोजतं. यंत्राची चूक नाही, त्याला जे दिलं ते त्याने मोजलं. पण चिखलातलं लोह आपल्या आतड्याला मांसातल्या लोहासारखं सहज घेता येत नाही.

कोलेस्टेरॉलचं झालं ते याच्या उलट. लोहाने तिसऱ्यांना फुकटचं श्रेय मिळालं, कोलेस्टेरॉलने फुकटची बदनामी. पूर्वीच्या रासायनिक पद्धती एकूण स्टेरॉल मोजायच्या, त्यातलं कोलेस्टेरॉल किती आणि शेवाळातून आलेले इतर स्टेरॉल किती, हे त्यांना वेगळं करता येत नव्हतं. तिसऱ्या-कालवं शेवाळावर जगतात, म्हणून त्यांच्या अंगात ते वनस्पतींच्या वळणाचे स्टेरॉल असतातच. सगळं मिळून आकडा मोठा यायचा आणि डॉक्टर सांगायचे, "शिंपले बंद." सुधारित पद्धतींनी मोजलं तर शिंपल्यात शंभर ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल निघालं, बांगड्याच्या निम्म्याहूनही कमी.

कोलंबीत मात्र खरंच आहे, दीडशेच्या घरात, आणि माखलीत दोनशेच्या वर. पण कोलंबीत संपृक्त चरबी नगण्य. १९९६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना रोज तीनशे ग्रॅम कोलंबी खाऊ घातली. वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल सात टक्क्यांनी वाढलं, चांगलं म्हणतात ते बारा टक्क्यांनी. रोज तीनशे ग्रॅम सोललेली कोलंबी पिंपळे गुरवात कुणाला परवडते, हा प्रश्न वेगळा. आपल्याकडं कोलंबीचं नुकसान होतं ते नारळाच्या दाट रसात आणि तळणीच्या तेलात. तिथं बिचारीचा दोष नाही.

चरबीचा विषय निघालाच आहे तर माशांचं खरं बलस्थान तिथंच आहे. कवचाच्या मासळीत चरबी एक-दोन टक्के. बांगडा आणि तारली यांची चरबी हंगामाप्रमाणे चढते-उतरते. पावसाळ्यानंतरची तारली हातात घेतली की बोटं तुपकट होतात, आणि तीच तारली दुसऱ्या हंगामात कोरडी लागते. या तेलात ओमेगा-३ असतं, भरल्या माशात शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅमपर्यंत. प्रौढ माणसाला दिवसाला पाव ग्रॅम पुरतं, असं जागतिक अन्न व आरोग्य संघटनांचं म्हणणं. कोलंबीत ते शंभर ग्रॅमला पाव ग्रॅमच्या आसपास, शिनाण्यात त्याहून थोडं बरं. शिवाय तेलकट माशात ड जीवनसत्त्व आहे, शिंपल्या-कोलंबीत जवळजवळ नाही. हृदयासाठी मासे खायचे असतील तर स्वस्तातली तारली घ्या.

आता पुण्याचा विषय. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते फक्त जिवाणू करतात. गाईच्या पोटातले जिवाणू करतात म्हणून दुधात थोडं येतं. शिंपला जिवाणूच गाळून खातो, म्हणून त्याच्या अंगात ते साठतं. २००६ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली: खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. त्यांतल्या ६७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ कमी होतं. आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के! ज्यांना दोन वेळचं खायला भरपूर मिळतं त्यांच्यात सर्वांत जास्त. शाकाहार हे त्याचं मोठं कारण, हे त्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. हातापायांना मुंग्या येणं, विसरभोळेपणा, थकवा घेऊन दवाखान्यात जाणारे किती जण या सभागृहात असतील, मी हात वर करायला सांगत नाही.

आपल्याला रोज ब-१२ लागतं दोन-अडीच मायक्रोग्रॅम. शंभर ग्रॅम शिंपल्याच्या मांसात ते ११च्या आसपास, शिनाण्यात १२. इथं कुणी टाळी वाजवण्याआधी पुढचा आकडा ऐका: बांगड्याच्या कुळातल्या माशांत आणि तारलीतही ते आठ-नऊपर्यंत असतं. कोलंबीत एक-सव्वा, चिलापीत दीडच्या आसपास. म्हणजे एक मध्यम बांगडा जेवणात असला तर ब-१२साठी खाडीत उतरायची गरज नाही. गुरुजींसारख्या शाकाहारी मंडळींसाठी दूध-दह्याचा आधार आहे, पण थोडा. शंभर मिलिलिटर दुधात अर्धा मायक्रोग्रॅमही जेमतेम. त्यांनी रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. गोळीतलं ब-१२ही जिवाणूंकडूनच तयार करून घेतलेलं असतं, त्यामुळं धर्म बुडत नाही.

मग कवचाच्या मासळीचं स्वतःचं असं काय उरतं? जस्त आणि तांबं. भोसरी-चाकणला लोखंडावर जस्ताचं पाणी चढवणारे कारखाने आहेत म्हणून हसू नका, जस्त शरीरालाही लागतं: जखम भरायला, मुलांच्या वाढीला, तोंडाला चव राहायला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम सांगितलंय. बांगड्यात शंभर ग्रॅमला एकाच्या आत. खेकड्यात तीन-चारच्या वर. आणि कालवांत पंधरा-सोळा, काही जातींत त्याच्याही दुप्पट. जस्ताच्या बाबतीत कालवाच्या जवळपास येणारं दुसरं अन्न मला माहीत नाही. खेकडा-कोलंबीचं रक्त लोहावर चालत नाही, तांब्यावर चालतं, म्हणून ते निळसर असतं. तेव्हा "कोलंबी खा, रक्त वाढेल" ही समजूत सोडून द्यावी.

आणि जवळा. या गरीब जिवाबद्दल मला दोन शब्द जास्त बोलू द्या. १ जूनला मासेमारी बंद झाली की कोकणातल्या घरात सुकट, सोडे आणि सुके बोंबीलच उरतात. गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमणियन यांचे जे जुने भारतीय तक्ते माझ्या पिढीने पाठ केले, त्यांत सुक्या बारीक कोलंबीत शंभर ग्रॅमला ६८ ग्रॅम प्रथिनं आणि चार हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम दिलं आहे. हे आकडे पाहून डोळे फिरवू नका. पाणी काढलं की सगळंच दाट होतं, आणि शंभर ग्रॅम सुकट एका बैठकीत कुणी खात नाही. पण मूठभर, दहा-पंधरा ग्रॅम, कांद्यावर परतून खाल्लं तरी चारशे-सहाशे मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जातं. गरज दिवसाला हजाराची. हे का जमतं? कारण जवळा सोलत नाहीत, सालीसकट खातात. कोलंबी सोलून आपण साल कचऱ्यात टाकतो, आणि कॅल्शियम सालीत असतं. मांदेली काट्यासकट चावून खाल्ली तरी हाच फायदा. फक्त सुकट जमिनीवर, वाळूवर वाळलेली असते, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, आणि ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मीठ लावलेली आहे की नाही ते विचारून घ्या.

ज्यांना कोलंबीची ॲलर्जी आहे त्यांना जवळा, खेकडा, शेवंडही चालणार नाही, स्नायूतलं एकच प्रथिन सगळ्यांत असतं. बांगडा बहुधा चालतो, माशांच्या ॲलर्जीचं प्रथिन वेगळं आहे. पण घरी प्रयोग करू नका, डॉक्टरांना विचारा.

तक्त्यातला आकडा वर्षभर एकसारखा राहत नाही, हे मला सर्वांत आधी शिकवलं ते समुद्र नसलेल्या गावच्या माणसांनी. १९७०च्या दशकात मराठवाडा विद्यापीठातले आर. नागभूषणम आणि यू. एच. माने औरंगाबादहून रत्नागिरीला येऊन शिंपल्यांचा अभ्यास करत. काळबादेवीच्या खाडीतल्या शिंपल्यांचं प्रजनन, रत्नागिरीच्या शिनाण्यांच्या मांसातले महिन्यामहिन्याचे बदल, असं चिकाटीचं काम. शिंपला अंडी घालायच्या बेतात असला की भरलेला असतो, अंडी सोडली की रिकामा. त्याच्या अंगात ग्लायकोजेन म्हणून पिठूळ साखर साठते, माशात ती जवळजवळ नसते. तिसऱ्यांच्या रश्श्याला जी गोडी येते तिच्यात या साठ्याचा आणि ग्लायसिन नावाच्या अमिनो आम्लाचा वाटा आहे. पावसात खाडीचं पाणी गोडं झालं की तिसऱ्या पडतात किंवा खंगतात. कोळणीला हे कुणी शिकवावं लागत नाही, ती "आता भरलेल्या नाहीत, नका घेऊ" म्हणून मोकळी होते.

आता पवना. मावळात पहिल्या पावसाबरोबर खेकडे बाहेर पडतात, रात्री बॅटरी घेऊन पोरं ओढ्याला जातात. बारीक फांगडे पाट्यावर वाटून, गाळून त्याचं पाणी कालवणात घालतात, सर्दी-कफाला तेच औषध. वरच्या मावळातल्या ओढ्याचे खेकडे खुशाल खा, फक्त पूर्ण शिजवून. अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसात जाणारे कृमी असतात. पण पिंपरी-चिंचवड ओलांडून दापोडीला मुळेला मिळेपर्यंत पवनेत शहराचं आणि कारखान्यांचं किती पाणी मिसळतं, ते तुम्ही रोज पुलावरून पाहता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत ती आहे. थेरगावच्या केजूदेवी बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांच्या बातम्या तुम्ही वाचल्या आहेत. या पाण्यातला शिंपला जस्त साठवतो तसा कॅडमियमही साठवतो. त्याला निवड करता येत नाही. नदीकाठी शिंपले सापडले तर मुलांना दाखवा, पातेल्यात घालू नका.

समुद्राच्या खाडीलाही हाच नियम. १९८८ साली चीनमधल्या शांघायमध्ये कच्चे, अर्धकच्चे शिंपले खाऊन जवळपास तीन लाख लोकांना हेपेटायटिस ए झाला. शिंपले सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातले होते. युरोपात म्हणूनच शिंपल्यांच्या मांसातले जिवाणू मोजून खाड्यांचे अ, ब, क वर्ग ठरवतात, आणि अ वर्गातलेच थेट बाजारात जातात. ब वर्गातले आधी स्वच्छ पाण्यात ठेवून मग. केरळमधल्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, देशातलं पहिलं. तेही मासेमारीच्या पद्धतीचं, पाण्याच्या स्वच्छतेचं नव्हे. आपल्या गल्लीतल्या पाटीवर खाडीचं नाव लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. बांगड्यावर नाव नसलं तर फारसं बिघडत नाही, तो शिंपल्यासारखा एका जागी बसून खाडीचं पाणी गाळत नाही. त्याचा ताजेपणा डोळ्यांत आणि कल्ल्यांत दिसतो. तिसरीचा इतिहास तिच्या पोटात असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

घरी मिठाच्या पाण्यात दोन-चार तास ठेवलेल्या तिसऱ्या वाळू सोडतात, थोडे जिवाणूही. विषाणू आणि धातू सोडत नाहीत. उघड्या तिसरीवर टिचकी मारा. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेका. एकशिपी करा की रस्सा, नीट उकळी येऊ द्या, आणि उकळूनही ज्या उघडल्या नाहीत त्या बाजूला काढा. आणि विकत घेताना विचारा, "मावशी, कुठल्या खाडीच्या?" तुम्ही दहा जणांनी विचारलं की अकराव्याला ती न विचारता सांगेल. तोवर ज्या दिवशी उत्तर मिळणार नाही, त्या दिवशी शेजारच्या टोपलीतले बांगडे घ्या.